कंपनीमागचा माणूस

आमच्या ऑफिसात रोज घरं विकली जातात, पण घर घेणारा माणूस हल्ली दिसत नाही. पैसे येतात, शिक्के बसतात, चाव्या पाकिटात जातात, आणि टेबलाच्या पलीकडची खुर्ची रिकामीच राहते. कारण घेणारी असते कंपनी. सीब्रीझ होल्डिंग्ज, कोरल सनसेट, पेलिकन ग्रुप. पक्षी, समुद्र आणि सूर्यास्त संपले की नुसते आकडे. कंपनीला ना पाय, ना तोंड. ती कॉफी पीत नाही, रडत नाही, नवऱ्याशी भांडत नाही.

मी सोरायदा. मायामीला लागून असलेल्या हायलीआत या टेबलावर माझी अर्धी हयात गेली. विकणाऱ्याचं घर घेणाऱ्याच्या नावावर कायदेशीर चढवून द्यायचं, मधे कोणाचा जुना बोजा निघाला तर तो फेडून घ्यायचा, हे माझं काम. पूर्वी व्यवहाराच्या दिवशी माणसं लग्नाला आल्यासारखी यायची. इस्त्रीचे सदरे, पावडर लावलेल्या म्हाताऱ्या, टेबलाखाली पोरं. मी पेरूच्या पेस्ट्रीचा खोका मागवून ठेवायची. सह्या झाल्या की विकणाऱ्याने स्वतःच्या हाताने चावी घेणाऱ्याच्या हातात द्यायची, आणि देताना घराबद्दल दोन गोष्टी सांगायच्या, अशी आमच्याकडची रीत. कोणी सांगायचं, मागचा नळ डावीकडे फिरवा. कोणी सांगायचं, या खोलीत आमची आई गेली, पण घाबरू नका, फार गोड बाई होती. आता विकणारा कुठल्यातरी राज्यातून लॅपटॉपवर सही करतो आणि घेणारा म्हणजे बगळ्याचं चित्र असलेला एक कागद.

त्यातच तो नियम आला. कर्ज न काढता, सगळे पैसे रोख मोजून एखादी कंपनी घर घेत असेल, तर तिच्या आडचा खरा हाडामांसाचा माणूस कोण, हे आम्ही काढायचं आणि सरकारला कळवायचं. नाव, जन्मतारीख, राहता पत्ता, ओळखपत्र. कर्ज असलं की बँक नाक खुपसतेच. रोखीच्या व्यवहारात कोण विचारणार? म्हणून विचारायचं आम्ही. काळा पैसा आमच्या मायामीच्या भिंतींत जाऊन बसतो, हे काही खोटं नाही. मी राहते त्या इमारतीत माझ्या मजल्यावरची बाकीची दारं कंपन्यांचीच आहेत. त्यातले दोन व्यवहार मीच केलेत. तिथे ना कोणी राहतं, ना दिवा लागतो, ना कुकरची शिटी. नवरा गेल्यापासून लिफ्टमध्ये "कशा आहात?" म्हणायलाही मला माणूस मिळत नाही. तेव्हा नियमाला माझी हरकत नव्हती. पण झालं काय, की चोर सोडून संन्याशाला फाशी. खरे चोर वकिलाकडून चोख कागद पाठवायचे, आणि कर वाचवायला कंपनीच्या नावाने एखादं घर घेणारे बिचारे दातांचे डॉक्टर माझ्यापुढे घाम पुसत बसायचे.

तर एका मंगळवारी दार उघडून एक म्हातारा आत आला. पांढरा चार खिशांचा इस्त्रीचा सदरा, हातात टोपी, पायात चकचकीत बूट. आमची इदाल्मिस पुढच्या टेबलावर बसते. तिने विचारलं, "कोण हवंय काका?"

"मी ब्लू हेरॉन होल्डिंग्ज," म्हातारा म्हणाला.

इदाल्मिसने मागे वळून मला ओरडून सांगितलं, "सोरायदा, अगं बगळा आलाय! स्वतःच्या पायांनी आलाय!"

मला आधी संशय आला. कंपनी स्वतः चालत येत नसते. आलीच तर समजायचं की कोणीतरी दुसऱ्यानेच म्हाताऱ्याला चार पैसे देऊन पुढे केलंय. असले पुढे केलेले म्हातारे मी पुष्कळ पाहिलेत. नाव विचारलं की ते भिंतीकडे बघतात.

हे महाशय भिंतीकडे बघेनात. खुर्चीत बसले आणि त्यांनी पिशवीतून एकेक कागद काढून माझ्यापुढे मांडला. पासपोर्ट, गाडीचं लायसन्स, वीजबिल, कंपनीचे कागद. सगळ्यात खाली क्युबातल्या चर्चचा बाप्तिस्म्याचा पिवळा पडलेला दाखला.

"हा नको," मी म्हटलं.

"राहू दे गं पोरी. पुरावा जास्त असलेला बरा. लिही नीट. एलोय काब्रेरा. कंपनी सगळी माझी. दुसरा कोणी भागीदार नाही."

"पैसे कुठून आले?"

"मेडलीला माझी जागा होती, ट्रक उभे करायची. गोदामवाल्यांनी घेतली. हे बघ त्याचे कागद. आयुष्यभर ट्रक ओढले, दुसरं काय!"

कागद खरे होते. एक पै इकडची तिकडे नव्हती. मी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "मग काका, कंपनी कशाला काढलीत? स्वतःच्या नावाने घर घ्यायचं सोडून वकिलाच्या घशात पैसे घातलेत."

त्यावर ते टोपी मांडीवर फिरवत बसले. मग एकदम म्हणाले, "हे नाव तू पाठवलंस, की तिला कधी कळेल?"

"कोणाला?"

"विकणारीला."

मी म्हटलं, "विकणारीला कशाला कळेल? हे सरकारकडे जातं."

"हो, पण सरकार तिला सांगेल ना? की बाई, तुझं घर घेणारा खरा माणूस हा हा आहे म्हणून."

"नाही हो. कोणी कोणाला सांगत नाही. हे गुप्त असतं."

म्हाताऱ्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं यांची साखर उतरली. इदाल्मिसला मी डोळ्यांनी पाणी आण म्हणून सांगितलं.

"पण रेडिओवर तर तो वकील म्हणाला," ते पुटपुटले. "म्हणाला, आता कंपनीमागे कोणाला लपता येणार नाही, खरं नाव उघड करावंच लागेल. आमच्या त्या फुटपाथवरच्या कॉफीच्या खिडकीवर सगळ्यांनी ऐकलं. तिथला रोहेलिओ म्हणाला, म्हणजे विकणाऱ्याला सह्यांनंतर नोटीस जाते. त्याच्या मेहुण्याला गेली होती."

घ्या! आमच्या क्युबन लोकांचं हे असं आहे. कायदा शिकायचा तो कॉफीच्या खिडकीवर, उभ्या उभ्या, बोटभर कपातली कॉफी संपेपर्यंत. तिथे उभा असलेला प्रत्येक जण हवानात न्यायाधीश व्हायचा राहिलेला असतो. रोहेलिओच्या मेहुण्याला पाणीपट्टीची नोटीस आली असणार.

"मग हे नाव वाचतं तरी कोण?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायचं तर मलाही ते ठाऊक नव्हतं. इतकी नावं मी पाठवली, उलट एक अक्षर कधी आलं नाही. म्हटलं, "कदाचित कोणीच नाही."

"कोणीच नाही," ते म्हणाले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

विकणारी त्यांची मुलगी होती. मायलेन. एकुलती एक. घर तिच्या आईचं, निएवेसचं. म्हणजे पूर्वी दोघांचं, पण एलोय काका उतारवयात टाम्पाच्या एका बाईमागे घर सोडून गेले, घटस्फोट झाला आणि घर निएवेसकडे राहिलं. मग निएवेसला कर्करोग झाला. मुलीने एकटीने सगळं निस्तरलं. काकांना कळलं तेव्हा ते लगेच आले नाहीत. उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिले. "तोंड नव्हतं गं दाखवायला," ते म्हणाले, "आणि तोंड नसतं तेव्हा माणूस आणखी मागे सरतो." आले तेव्हा पुरून झालं होतं. मुलीने दफनभूमीच्या फाटकावरूनच परत पाठवलं. तेव्हापासून तिने फोन घेतला नाही. पत्रं न फोडता परत आली. ती दूर नेब्रास्कात नोकरीला निघून गेली आणि हे घर बंद राहिलं. आता विकायला काढलं.

"माझ्या नावाने बोली लावली असती तर तिने घर जाळलं असतं, पण मला दिलं नसतं. म्हणून म्हटलं, कंपनीच्या नावाने घ्यावं. सह्या होऊन जातील. मग कायदाच तिला सांगेल की हा तुझा बाप आहे. तेव्हा तिला मागे फिरता येणार नाही. ती चिडेल. विमानात बसून येईल. दारात उभी राहून मला शिव्या घालेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एवढ्या वर्षांत एक शिवी नाही दिली गं तिने मला. निदान शिव्या द्यायला तरी येईल, म्हटलं."

सगळी दुनिया माझ्या टेबलावर येते ती नाव लपवायला. सापडायला म्हणून कंपनी काढलेला हा पहिलाच माणूस. मला हसूही येईना.

इदाल्मिस पाण्याचा पेला घेऊन तशीच उभी होती. तिला राहवेना. "काका, मग आता सौदा मोडणार का?"

"मोडून काय करू? दुसरी कुठली कंपनी घेईल."

मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले, आणि तिथे मला आमची जुनी रीत आठवली. म्हटलं, "काका, ऐका. मी तिला काही सांगू शकत नाही, ते माझं काम नाही. पण तुम्ही खरेदीदार आहात. व्यवहाराच्या दिवशी टेबलावर बसायचा तुम्हाला हक्क आहे. ती स्क्रीनवर असेल. तिची सही होऊ दे. सही झाली की व्यवहार पक्का. मग लॅपटॉप स्वतःकडे फिरवा आणि बोला काय बोलायचं ते. ती फोन बंद करू शकते, पण तेवढ्या क्षणात एक शिवी तरी बसेलच."

म्हातारा पहिल्यांदाच हसला. "बसेल," म्हणाला. "आईवर गेलीये."

व्यवहाराच्या दिवशी ते फार लवकर येऊन बसले. नवा सदरा, दाढी घोटून गुळगुळीत, अंगाला अत्तराचा वास. नवरदेवच जणू, म्हणून इदाल्मिस मला कोपरखळी मारून गेली. मी लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि काकांना पलीकडच्या खुर्चीत बसवलं. तिथून त्यांना तिचा आवाज ऐकू येणार होता, चेहरा दिसणार नव्हता. त्यांचा एक हात टेबलावर, लॅपटॉपच्या कडेशी तयार होता.

मायलेन स्क्रीनवर आली. चाळिशीची, केस ओढून बांधलेले, अंगात जाड स्वेटर. पाठीमागच्या भिंतीवर काहीच नव्हतं. मी नेहमीचे प्रश्न विचारले. ओळखपत्र कॅमेऱ्यापुढे धरायला लावलं. मग विचारलं, "तुमच्याबरोबर खोलीत आणखी कोणी आहे?"

"माझ्याबरोबर? कोण असणार!" ती हसली. "एक मांजर होतं, तेही गेल्या महिन्यात गेलं."

पलीकडे काकांनी डोळे मिटून घेतले. तिचा आवाज ऐकूनच त्यांची ती अवस्था झाली होती.

मी म्हटलं, "माझ्याकडे खरेदीदार कंपनीचे गृहस्थ समोर बसलेत. आमच्याकडे तशी पद्धत आहे. तुमची हरकत नाही ना?"

"नाही, हरकत कसली? नमस्कार सांगा."

"त्यांना ऐकू येतंय तुमचं."

सह्या झाल्या. एकामागून एक पानं तिने उलटली, बोटाने सही केली, मी शिक्का मारला. घर तिचं राहिलं नाही, काकांचं झालं. मी काकांकडे पाहून मान हलवली, म्हणजे आता. त्यांचा हात लॅपटॉपवर आला. आणि माझ्या मेलीच्या तोंडातून सवयीने ते जुनं वाक्य गेलं. "घराबद्दल काही सांगायचंय का यांना?"

"हो, सांगायचंय ना," मायलेन म्हणाली. "बरं झालं ते स्वतः आहेत. वकिलाला हे सांगता आलं नसतं."

काकांचा हात जागच्या जागी थांबला.

"स्वयंपाकघराचं दार पावसात फुगतं. खांद्याने ढकलायचं. आणि... हे जरा विचित्र वाटेल तुम्हाला. रविवारी घरासमोर एक राखाडी गाडी येऊन उभी राहते. आत एक म्हातारा असतो. उतरत नाही, काही नाही, नुसता घराकडे बघत बसतो. समोर लुर्देस म्हणून शेजारीण आहे, ती मला दर रविवारी फोन करते, 'आला गं तुझा बाप.' जणू मीच आमंत्रण दिलंय! तर तुम्ही पोलिसांना वगैरे बोलावू नका. तो काही करणार नाही."

मी म्हटलं, "नाही बोलावणार."

"माझा बाप आहे तो. मी त्याला आत घेतलं नाही आणि घेणारही नाही. मला ते जमणार नाही. आई शेवटी त्याचंच नाव घेत होती हो, आणि हा टाम्पात बसला होता. मी कशी घेऊ त्याला आत? ज्या बाईने दार उघडायचं ती राहिली नाही, आणि तिच्या वतीने दार उघडायचा मला हक्क नाही." तिने नाक पुसलं. "पण तुमचं त्याच्याशी काही भांडण नाही. कंपनीचं कशाला कोणाशी भांडण असेल? तर त्याने कधी दार वाजवलं ना, तर घ्या त्याला आत. थोडा वेळ बसू द्या स्वयंपाकघरात. एवढंच."

इदाल्मिस टंकायची थांबली होती.

"घर माझ्या नावावर आहे तोवर मला नाहीच म्हणावं लागतं," मायलेन म्हणाली. "खरं सांगू? त्याच्यासाठीच विकलं मी घर. म्हटलं, दुसऱ्या कोणाच्या हातात गेलं तर म्हाताऱ्याला निदान एकदा आत जाता येईल. करतील का ते एवढं? विचारा ना त्यांना."

मी लॅपटॉपच्या वरून पाहिलं. काकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तरी तिने तो आवाज ओळखला असता. मी वाट पाहिली. त्यांनी लॅपटॉपवरचा हात काढून घेतला, आधी माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली, आणि मग तिच्या प्रश्नाला होकारार्थी.

"हो म्हणतायत," मी म्हटलं.

"थँक यू. फार उपकार झाले म्हणावं त्यांना." आणि स्क्रीन काळा झाला.

मी म्हाताऱ्यावर जवळजवळ ओरडलेच. "काका, बोलायचं होतंत! तुमचं नशीब समोर येऊन बसलं होतं!"

"काय बोलू?" ते म्हणाले. "तू ज्याला विनवतेयस तो मीच, असं सांगू? तिने एवढी मोठी गोष्ट केली माझ्यासाठी आणि ती मातीत घालू? आता तिला वाटतंय की कोणीतरी परकं माणूस तिच्या बापाला दार उघडेल. ते वाटणं तिच्याकडे राहू दे." त्यांनी चावीचं पाकीट खिशात घातलं, टोपी घातली आणि कॉफी न पिता निघून गेले.

मी त्यांचं नाव सरकारला पाठवलं. खरा मालक: एलोय काब्रेरा. बटण दाबताना पहिल्यांदा वाटलं, ते कोणीतरी वाचावं. मग घरी गेले. लिफ्टमध्ये कोणी नव्हतं. आमच्या मजल्यावरची ती बंद दारं पाहून मला त्या दिवशी फार एकटं वाटलं, इतकं की टीव्ही मोठ्याने लावून ठेवला.

शुक्रवारी ते पुन्हा आले. उभ्यानेच म्हणाले, "पोरी, एक अडचण झालीये."

"छप्पर गळतंय का?"

"नाही. मला त्या घरात राहता येत नाही."

मी म्हटलं, "का? कागद चोख आहेत, घर तुमचं आहे."

"लुर्देस आहे ना समोर. मी सामान घेऊन गेलो की संध्याकाळी नेब्रास्काला बातमी. मायलेनला कळेल की कंपनी म्हणजे मीच होतो. त्या दिवशी ती जे बोलली ते सगळं मी बसून ऐकलं, हे कळेल. मग संपलंच. तेव्हा मी आपला भाड्याच्या खोलीतच राहणार. पण ती म्हणाली ना, दार वाजवलं तर आत घ्या म्हणून. मी दार वाजवायला जाऊ शकतो. पण आत कोणीतरी असायला नको का उघडायला?"

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी खुर्चीत मागे टेकले. या माणसाने जन्माची कमाई ओतून घर घेतलं होतं, आणि आता त्या घरात पाहुणा म्हणून जाता यावं यासाठी तो उघडणारा माणूस शोधत होता.

"लुर्देस मला ओळखणार तर नाही ना?" मी विचारलं.

"नाही. तू कंपनीची बाई म्हणून जा. रविवारी. तुझी काही कामं असतील तर..."

"मला रविवारी काय कामं असणार काका!" मी म्हटलं. इदाल्मिस तोंडावर हात ठेवून बसली होती.

रविवारी मी काकांकडून घेतलेली चावी, विजेवरचं कॉफीचं भांडं, दोन कप-बशा आणि दोन घडीच्या खुर्च्या गाडीत टाकून गेले. घर छोटं, फिक्या पिवळ्या रंगाचं. आत सामान नव्हतं. भिंतीवर फोटो काढल्याच्या चौकोनी खुणा तेवढ्या होत्या. मी स्वयंपाकघरात खुर्च्या मांडल्या, सिंकमधलं गंजकं पाणी वाहू दिलं आणि खिडकीशी उभी राहिले. आपलं नसलेल्या घरात दुसऱ्या कोणाची वाट बघत उभं राहणं मोठं चमत्कारिक असतं. पण खूप दिवसांनी मी कोणाची तरी वाट बघत होते, हेही खरं.

राखाडी गाडी आली. समोरच्या घरातला पडदा हलला. म्हातारा गाडीतच बसून राहिला. मला वाटलं, आता काय झालं यांना? सगळं ठरलंय, आत मीच आहे, घर यांचं आहे, मग उतरायला काय हरकत? पण ते खरोखरच घाबरले होते. शेवटी उतरले. फाटकाशी थांबले. टोपी काढली. आणि दार वाजवलं, अगदी हळू.

मी दार उघडलं. ठरल्याप्रमाणे मोठ्याने विचारलं, "कोण आपण?"

त्यांनी मोठ्याने उत्तर द्यायचं ठरलं होतं, लुर्देसला ऐकू जावं म्हणून. पण त्यांचा आवाजच निघेना. "मी... इथे राहायचो पूर्वी," ते कसेबसे म्हणाले. "माझी बायको इथे... थोडा वेळ आत येऊ का? तुमची हरकत नसेल तर."

हे नाटक नव्हतं. तो माणूस मला विचारत नव्हताच. मी बाजूला झाले आणि म्हटलं, "या. आत या."

ते स्वयंपाकघरात जाऊन बसले. मी कॉफी केली, बिनसाखरेची. ते चुलीच्या जागेकडे बघत राहिले. मला तिथे थांबवेना, म्हणून मी बाहेर पायरीवर येऊन उभी राहिले. एवढ्यात लुर्देस रस्ता ओलांडून आली. अंगात घरातला झगा, कानाला फोन. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाली, "नवीन मालकीण का?"

"कंपनीची."

"त्याला आत घेतलंत?"

"दार वाजवलं त्यांनी. घेतलं."

"ऐकलंस?" ती फोनमध्ये म्हणाली. "घेतलं गं आत. अगदी मान देऊन घेतलं." मग तिने फोन कानाशी आणखी दाबून धरला. मला वाटलं, पलीकडून फोन बंद झाला. पण लुर्देसने फोन जरा बाजूला धरला आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "ती विचारतेय, गेला का तो?"

मागे स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत कप बशीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"नाही," मी म्हटलं. "अजून बसलेत."